शिक्षिकेची सही का चालू नये?

दहावीचा निकाल लागला की अध्ययन अक्षमतेच्या सवलतींवरचा वाद नव्याने पेटतो. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित आणि कार्यानुभव, अशा सवलती आपल्या राज्यात गेली अनेक वर्षे मिळत आल्या आहेत. त्या घेणारी मुले खरी किती आणि खोटी किती, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: प्रमाणपत्र फक्त सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या सहीने द्या, विशेष शिक्षकांना यातून बाहेर ठेवा, कोणीही उठून डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, ठरवू लागले तर परीक्षेला अर्थ काय राहिला? शिक्षण खात्यात हयात घालवलेले अधिकारी असे म्हणतात, मुख्याध्यापक म्हणतात, काही बालरोगतज्ज्ञही म्हणतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांचे म्हणणे चुकीचे आहे. ते मान्य झाले तर त्याची झळ लागेल ती मराठी शाळेतल्या, तालुक्याच्या गावातल्या मुलांना, आणि म्हणून ते खोडून काढणे मला भाग वाटते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचे नावही नव्हते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत तिला जागा दिली आणि ४ जानेवारी २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेने तपासणीची वाट आखून दिली. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शाळेतल्या शिक्षकांनी पहिली चाळणी करायची. पुढे बालरोगतज्ज्ञाने मज्जासंस्था, डोळे, कान तपासायचे. मग मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यांक काढायचा, आणि शेवटी वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या घ्यायच्या. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळात रुग्णालयाचे प्रमुख, बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्याबरोबर व्यवसायोपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक किंवा या तपासणीचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक असावा, हेही त्याच अधिसूचनेत लिहिलेले होते. तेव्हा शिक्षकांना बाहेर ठेवा ही मागणी कितीही कडक शिस्तीची वाटली, तरी ती कायद्याने दिलेली जागा काढून घेण्याची मागणी आहे.

आणि ती जागा उगाच दिलेली नाही. सहावीतला एक मुलगा माझ्याकडे तपासणीला आला होता. मराठी माध्यमाचा. सोबत आई. त्याच्या हातात त्याचेच पुस्तक दिले, तर पाठ घडाघडा म्हणून दाखवला. आईचा चेहरा उजळला. पण मी पाहत होते त्याच्या बोटाकडे. तोंड ओळ संपवून पुढच्या ओळीवर गेलेले, आणि बोट अजून अलीकडच्या शब्दावर. पाठ त्याला पाठ होता, तो वाचत नव्हता. मग न पाहिलेला उतारा पुढे ठेवला. ‘गर्दी’चे ‘गदरी’ झाले, ‘धावला’चे ‘घावला’, ‘विहिरीच्या काठावर’चे ‘विहीर काठावर’. रफार आला की तो अडखळायचा, शब्द लांबला की शेवटचा तुकडा गाळून टाकायचा. त्यानंतर अर्थ नसलेले, मुद्दाम बनवलेले शब्द दिले. ‘झेवणू’ लिहिले होते, त्याने ‘जेवण’ वाचले. ‘गुर्पा’कडे बराच वेळ पाहिले आणि मान हलवली. तोंडी विचारले, “कमळमधला म काढला तर काय उरेल?” उत्तर नाही. शेवटी तोच उतारा मी त्याला वाचून दाखवला आणि त्यावर प्रश्न विचारले. सगळी उत्तरे बरोबर आली. गोष्टीतला म्हातारा खोटे का बोलला, याचे जे कारण त्याने दिले ते उताऱ्यात लिहिलेलेही नव्हते.

त्या मुलाची अडचण या तासा-दीड तासात उलगडत गेली. ऐकून समजते, वाचून समजत नाही. ओळखीचा शब्द आकारावरून धकतो, अनोळखी शब्द फोडता येत नाही, कारण शब्दातले आवाज सुटे करण्याचे कौशल्यच कच्चे राहिले आहे. हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही आणि मेंदूच्या स्कॅनमधून कोणत्याही मुलाचे असे निदान आज होत नाही. ते दिसते ज्याला मराठी वाचन मुलांमध्ये कसे घडते हे पायरीपायरीने माहीत आहे त्याला: काना-मात्रा-वेलांटी कोणत्या वयात पक्की होते, जोडाक्षर वाचताना कोणती चूक सगळीच मुले करतात आणि कोणती चूक दुसरीनंतर उरायला नको. हे ज्ञान वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. शिकवायला हवे असेही माझे म्हणणे नाही. डॉक्टरांचे काम वेगळे आहे आणि ते महत्त्वाचे आहे. वर्गात मागे पडणाऱ्या एखाद्या मुलाला खरे तर कमी ऐकू येत असते, एखाद्याला चष्मा हवा असतो, एखाद्याला क्षणभर भान हरपण्याचे झटके येत असतात आणि ते शाळेत कुणाच्या लक्षातही येत नाहीत. हे डॉक्टरच पकडू शकतात, आणि ती तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही शिक्षिकेने पुढे जाऊ नये. पण ‘कान-डोळे ठीक आहेत’ हा निष्कर्ष म्हणजे डिस्लेक्सियाचे निदान नव्हे.

डिस्लेक्सिया वैद्यकानेच शोधला, म्हणून तो वैद्यकाचाच प्रांत, असाही युक्तिवाद होतो. पहिला भाग खरा आहे. हा शब्द १८८७मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरात आणला आणि १८९६मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरने, इतर सगळ्या बाबतींत हुशार असलेल्या पण वाचू न शकणाऱ्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. पण पुढचा इतिहासही वाचला पाहिजे. अमेरिकेतले मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी या मुलांचा अभ्यास केला तेव्हा उपायासाठी त्यांना ॲना गिलिंगहॅम यांच्यासारख्या शिक्षिकेची साथ घ्यावी लागली. त्या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत जगभर वापरली जाते आणि ती शिकवण्याची पद्धत आहे. डिस्लेक्सियावर गोळी नाही. उपाय वर्गात, पाटी-पुस्तकाशी होतो. ज्या अहवालातून मुलाला नक्की काय शिकवायचे हे कळत नाही, तो अहवाल सवलतीपुरता कागद ठरतो.

आता चाचण्यांकडे येते, कारण ‘वैद्यकीय म्हणजे काटेकोर’ या समजुतीला सर्वांत मोठा तडा इथेच जातो. २०१८च्या अधिसूचनेने ज्या चाचणीसंचाचे नाव घेतले तो बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तयार झालेला. त्याच्या काळात ते मोलाचे काम होते. पण त्याचे दोन स्तर पाच ते सात आणि आठ ते बारा या वयांसाठी आहेत, आणि तो मुळात इंग्रजी वाचन-लेखनासाठी बेतलेला आहे. दहावीची सवलत मागणारे मूल पंधरा वर्षांचे असते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २०००मध्ये आले हे खरे, पण खेड्यातल्या मराठी शाळेतल्या मुलाच्या कानावर इंग्रजी किती पडते, ते त्या शाळेत एक दिवस बसले की कळते. अशा मुलाच्या पुढे इंग्रजी उतारा ठेवला आणि तो अडखळला, तर तो डिस्लेक्सियाने अडखळला की इंग्रजी येत नसल्याने, हे कसे सांगणार? कोणत्याही पदवीचा माणूस हे त्या गुणांवरून सांगू शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. ज्याला फक्त इंग्रजी येत नाही त्याच्यावर शिक्का बसण्याचा धोका राहतो. आणि जास्त वेळा असे होते की ‘मराठी माध्यमाचा आहे, आमच्याकडे चाचणी नाही’ म्हणून खरोखर अडचण असलेले मूल दारातूनच परत जाते. डिस्लेक्सिया हे शहरी, इंग्रजी शाळेतल्या, पैसेवाल्यांच्या मुलांचे खूळ आहे असे जे म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मराठी शाळेतल्या मुलांना मोजण्याची सोयच नाही, तर त्यांची संख्या यादीत दिसणार कुठून?

सोय होऊ शकते, हे सिद्ध झालेले आहे. हरियाणातल्या मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा संच तयार केला आणि तो २०१५मध्ये खुला झाला. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत तो बेतला होता. शिक्षकांनी वापरायची प्राथमिक चाळणी आणि तज्ज्ञांनी वापरायची सविस्तर चाचणी असे त्याचे दोन भाग. एका मेंदू संशोधन केंद्राला भारतीय भाषांतून, शिक्षकांच्या हाती देता येईल असे साधन करावेसे वाटले, याचा अर्थ मेंदूशास्त्र आणि शाळा यांच्यात कुंपण घालावे असे खुद्द मेंदूशास्त्रज्ञांना वाटत नाही. मराठीतला हा संच हाताळायचा तर तपासणाऱ्याला मराठी वाचनाची जाण हवी. ती जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे असेल तर उत्तमच. ती बहुधा विशेष शिक्षिकेकडे असते.

बुद्ध्यांकाचेही तेच. अधिसूचनेतली जुनी ओळखीची चाचणी म्हणजे मालिन यांची. आर्थर मालिन यांनी ती नागपुरात बसून, अमेरिकेतल्या वेश्लर चाचणीवरून भारतीय मुलांसाठी तयार केली आणि तिची पुस्तिका १९६९ची आहे. नागपूरला अभिमान वाटावा असेच ते काम होते. पण तेव्हाच्या मुलांवर बसवलेले प्रमाण आजच्या मुलाला लावायचे, त्यातून निघालेला आकडा ८५च्या वर आहे की खाली यावर त्याचे भवितव्य ठेवायचे, आणि सही डॉक्टरांची आहे म्हणून त्याला शास्त्रशुद्ध म्हणायचे, हे मला पटत नाही. जगात या आकड्याचे महत्त्व कमी होत गेले आहे. अमेरिकेच्या २००४च्या कायद्याने राज्यांना सांगितले की बुद्ध्यांक आणि वाचन यांतल्या तफावतीची अट सक्तीची करता येणार नाही. २०१३च्या डीएसएम-५ या मानसोपचारातल्या निदानग्रंथाने ती तफावत निकषातून काढून टाकली. ब्रिटनमध्ये २००९च्या जिम रोझ यांच्या अहवालाने स्पष्ट म्हटले की डिस्लेक्सिया सगळ्या बौद्धिक पातळ्यांवर आढळतो. बौद्धिक अक्षमता वेगळी ओळखण्यासाठी मानसशास्त्रज्ञाची तपासणी हवीच, पण ८४ बुद्ध्यांकाच्या मुलीला वाचनातली मदत नाकारून ८६च्या मुलाला देण्यात कोणते शास्त्र आहे?

सर्वांत जोराने मांडला जाणारा मुद्दा बोगस प्रमाणपत्रांचा. २०२४मध्ये आपल्याच राज्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला आणि तेव्हापासून प्रत्येक दिव्यांग मुलाच्या पालकाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. त्या प्रकरणात खरे-खोटे काय, ते ठरवणे माझे काम नाही. पण वादात सापडलेली ती प्रमाणपत्रे कोणा विशेष शिक्षिकेने दिलेली नव्हती. त्यांच्यावर नाव सरकारी रुग्णालयाचे होते. सरकारी शिक्का हा लबाडीवरचा बंदोबस्त असता तर हा वाद उभाच राहिला नसता. लबाडी पकडायची तर अहवाल उघडून पाहावा लागतो: कोणत्या चाचण्या घेतल्या, कोणत्या भाषेत, कच्चे गुण किती, मुलाने नेमक्या कोणत्या चुका केल्या, शाळेच्या वह्यांशी ते जुळते का. ‘अध्ययन अक्षमता आहे’ एवढ्या एका ओळीखाली चार सह्या असल्या तर त्यात तपासण्यासारखे काही नसते, आणि लबाडीला तेच सोयीचे पडते.

दुसऱ्या देशाने हाच प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये महाविद्यालयीन दिव्यांग विद्यार्थ्यांना ‘डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स’ मिळतो. तो कर्ज नाही, उत्पन्नाची अटही नाही, आणि इंग्लंडमध्ये २०२४-२५ साठी त्याची कमाल मर्यादा २६,९४८ पौंड होती. म्हणजे तिथे प्रश्न फक्त वाढीव वेळेचा नाही, थेट सरकारी तिजोरीचा आहे. तरीही २००५मध्ये शिक्षण खात्याने नेमलेल्या कार्यगटाने ठरवले की मानसशास्त्रज्ञाबरोबरच पात्र विशेष शिक्षकाचा अहवालही ग्राह्य धरावा. दार सताड उघडले नाही. शिक्षकाकडे पदव्युत्तर पातळीची खास पात्रता हवी आणि त्यावर तपासणीचा चालू परवाना हवा. हा परवाना तीन वर्षांनी संपतो. नूतनीकरणासाठी सतत प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा तर लागतोच, शिवाय स्वतः लिहिलेला अहवाल परीक्षणाला द्यावा लागतो. कोणत्या चाचण्या चालतील, कोणत्या जुन्या झाल्या, अहवालाचा आराखडा कसा असावा, हे ठरवायला स्वतंत्र समिती आहे. पूर्वी वयाच्या सोळाव्या वर्षानंतर पुन्हा तपासणी करून आणावी लागे. २०१९मध्ये तीही अट काढली, लहानपणी पात्र माणसाने केलेला अहवाल पुरतो. आपल्या २०१८च्या अधिसूचनेत मात्र चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होती. डिस्लेक्सिया मोठेपणी निघून जात नाही हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ही अट का ठेवली असावी?

ब्रिटनची व्यवस्था निर्दोष नाही. तिथली सरकारी आरोग्यसेवा ही तपासणी करून देत नाही, खासगीत शेकडो पौंड मोजावे लागतात आणि गरीब घरातले विद्यार्थी त्यातच अडकतात. ते आपण उचलू नये. उचलावी ती परवान्याची कल्पना, कारण तिच्यात पात्रता एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषद आहे, १९९२चा कायदा आहे, नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही कायद्यात आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. पण कार्यशाळेला हजेरी लावली म्हणून अहवाल चांगला लिहिता येतो असे नाही, आणि तुझा अहवाल दाखव, असे नूतनीकरणाच्या वेळी कुणी विचारत नाही. ही उणीव डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, सगळ्यांच्याच बाबतीत सारखी आहे.

इथे माझ्याच बाजूच्या काही जणांना दुखवावे लागेल. पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून ‘डिस्लेक्सिया तज्ज्ञ’ अशी पाटी लावणारे वाढले आहेत. दुकान थाटायचे, पालकाला घाबरवायचे, छापील अहवाल द्यायचा आणि त्याच दिवशी महिन्याची फी सांगायची. यांच्या सहीला काडीची किंमत असू नये. मी ज्या शिक्षिकेसाठी भांडते आहे, तिने अध्ययन अक्षमता या विषयात बी.एड. विशेष शिक्षण केलेले आहे, परिषदेकडे तिची नोंद आहे, आणि अनुभवी तपासनिसाच्या हाताखाली तिने मुले तपासलेली आहेत. प्रमाणित गुण म्हणजे काय आणि त्यात चुकीची शक्यता किती असते, हे तिला समजते. शिवाय एक नियम तिलाही लागू हवा: ज्या मुलाचे निदान तिने केले, त्याची पैसे घेऊन शिकवणी तिने करू नये. हितसंबंधाचा आक्षेप रास्त आहे, म्हणून हे आमच्याच बाजूने मांडायला हवे. तोच नियम स्वतःचे उपचार केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरांनाही लागू हवा.

प्रत्यक्षात काय घडते तेही या वादात यायला हवे. तालुक्याच्या गावातला बाप मुलाला घेऊन पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला जातो. बालरोगतज्ज्ञांची खोली वेगळी, मानसशास्त्रज्ञाचा वार वेगळा, ते पद रिकामे असेल तर पुढची तारीख किंवा पुण्या-मुंबईचा रस्ता. प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. दोन खेपांनंतर बाप म्हणतो, जाऊ दे, नापास झाला तर होऊ दे. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, पण मूल त्या यादीत आले तरच ना? पाहणे, ऐकणे, चालणे यांतली ठळक अडचण शाळेत दिसते, म्हणून ती मुले यादीत येतात. वाचता न येणारा मुलगा मात्र ‘आळशी’ म्हणून मागच्या बाकावर जातो आणि नववीत शाळा सोडतो. तपासणारी माणसे कमी करून या मुलांपर्यंत कसे पोहोचणार, याचे उत्तर फक्त डॉक्टरांच्या सहीचा आग्रह धरणाऱ्यांनी द्यायला हवे.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. वाचन-लेखनाची तपासणी परवानाधारक विशेष शिक्षिकेने तालुक्याच्या ठिकाणी, मुलाच्या शाळेच्या भाषेत करावी. कान-डोळे ग्रामीण रुग्णालयात तपासले जावेत. जिल्ह्याच्या मंडळाने कागद वाचावेत, शंका असेल त्याच मुलाला बोलवावे, आणि दरवर्षी काही अहवाल चिठ्ठ्या टाकून काढून दुसऱ्या जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. प्रत्येक अहवालावर तपासनिसाचा नोंदणी क्रमांक, चाचणीचे नाव, तिचे साल, तिची भाषा आणि गुण छापलेले असावेत. त्याखाली सही डॉक्टरांची असो वा शिक्षिकेची, एवढे लिहिलेले नसेल तर राज्य परीक्षा मंडळाने तो कागद परत पाठवावा.